पुण्यातले गणित आणि आमची काजूची बाग

चवथीला आठ दिवस राहिले की आम्ही माटोळीचे सामान आणायला रानात शिरतो. कवंडळे, कांगण्या, हरणां, घागऱ्या, जे हाती लागेल ते. रान भिजलेले असते, पायाला जळवा लागतात, पण भीती कसली वाटत नाही. त्याच रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडू गोळा करायला जाताना मात्र गेली काही वर्षे आमच्याकडची माणसे अंगाला तेल चोळून, पायात लांब मोजे ओढून जातात. हा लेख त्या भीतीविषयी आहे, आणि पुण्यातल्या एका प्राध्यापकांविषयी. त्यांचा आमच्या काजूच्या बागेशी काही संबंध पोहोचत असेल हे आम्हाला फार उशिरा कळले.

आम्ही डिचोलीचे. डिचोली, पेडणे आणि सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. राज्ये बदलली तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. पेडण्यातल्या हणखणे-इब्रामपूरहून किंवा डिचोलीतल्या साळहून पलीकडे गेले की दोडामार्ग तालुका, आणि आमची सासुरवाडी तिकडचीच. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात एक विचित्र ताप आला. पुढच्याच वर्षी तो दोडामार्गातल्या केर गावात दिसला. त्याआधी रानात माकडे मरून पडलेली लोकांनी पाहिली होती. माकडताप हे नाव तेव्हापासून आमच्या घरात आले.

त्या हंगामात आमच्या मेव्हण्यांना ताप भरला. बागेतून आले, रात्री अंग फणफणले, डोके असे दुखायला लागले की डोळे उघडवेनात. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त दिसले तेव्हा घरातल्या बायकांचा धीर सुटला. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घेतला आणि म्हणाले, "हा पुण्याला जाईल." आम्ही त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून नुसता विचार करत होतो, पुण्यात असे काय आहे जे इथे नाही? अहवाल यायला जे दिवस लागले ते कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. मेव्हणे वाचले. पुढे तीन महिने त्यांच्याने कोयता उचलवला नाही, पण वाचले. आजूबाजूच्या गावांतले सगळेच इतके नशीबवान नव्हते.

पुण्यात जे आहे त्याचा इतिहास जुना आहे. १९५२ साली तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली, तेव्हा याच केंद्रातले लोक तिथे गेले, त्यांनी विषाणू शोधून काढला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियात आणि युरोपात गोचिडीमुळेच होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद निघाला. ही भाऊबंदकी वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता प्राध्यापकांकडे वळतो. आमची थोरली मुलगी सध्या विज्ञान शाखेत शिकते. एकदा ती संगणकावर काही अभ्यास करत बसली होती. एखाद्या जंतूच्या अंगावरचा कोणता भाग आपल्या शरीराच्या नजरेत भरेल याचा अंदाज करणारे ते साधन होते. पडद्यावर पद्धतींची यादी होती, सगळी नावे परदेशी. मधेच एक जोडनाव दिसले, कोळस्कर-टोणगावकर. आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले. मुलीला विचारले, हे कोण? तिला माहीत नव्हते. तिच्या लेखी ते न्यूटन किंवा फॅरेडेसारखे पुस्तकातले एक नाव होते. आम्ही काही शास्त्रज्ञ नाही, सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसे. पण मराठी आडनाव जगभरच्या यादीत कसे गेले ही उत्सुकता स्वस्थ बसू देईना. मग वाचत गेलो, न कळेल ते मुलीकडून समजून घेत गेलो.

डॉ. अशोक कोळस्कर हे नाव पुण्यातल्या मंडळींना कुलगुरू म्हणून आठवेल. २००१ ते २००६ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण त्यांचे खरे काम प्रथिनांच्या रचनेतले, आणि त्याची सुरुवात बंगळूरला झाली.

प्रथिन म्हणजे डाळीत नि माशात असते ते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. शरीराच्या दृष्टीने प्रथिन ही एक माळ आहे. वीस प्रकारचे मणी, म्हणजे अमिनो आम्ले, एकामागून एक ओवलेले. इन्शुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत, काही प्रथिनांत हजारांवर. पण माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, तिची एक ठरावीक घडी बसते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. घडी बिघडली की प्रथिन निकामी. म्हणून गेली सत्तर वर्षे शास्त्रज्ञ एकाच प्रश्नामागे आहेत: मण्यांचा क्रम कळला तर घडी कशी बसेल ते आधी सांगता येईल का?

या प्रश्नाला भारताने दिलेले उत्तर मद्रासचे. जी. एन. रामचंद्रन तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. कातडीत आणि हाडांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी वेणीसारखी रचना त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर १९५४-५५ मध्ये मांडली. मग १९६३ साली सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना आम्हाला लगेच पटली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. माळेतला प्रत्येक दुवा दोन सांध्यांभोवती फिरू शकतो. म्हणजे प्रत्येक जागी फक्त दोन कोन. पण कोन वाटेल तसे घेता येत नाहीत, काही ठिकाणी अणू एकमेकांवर आपटतात. छपराची कैची उभारताना बांबू कुठे एकमेकांत अडकतील हे जसे कागदावर आधी काढता येते, तसे त्यांनी काढले. अडकणारे कोन वगळले आणि उरलेल्यांचा नकाशा केला. आज जगात कुठेही नव्या प्रथिनाची रचना कोणी मांडली की ती आधी या नकाशावर तपासतात. नकाशाला रामचंद्रन यांचे नाव आहे. नोबेल मात्र त्यांना मिळाले नाही, आणि ते का मिळाले नाही यावर आजही लोक हळहळतात. आम्हीही त्यांतले.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी रामचंद्रन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, तिथे त्यांनी रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला. याच विभागात तरुण कोळस्कर होते. १९७३ साली रामचंद्रन, लक्ष्मीनारायणन आणि कोळस्कर अशा तिघांच्या नावाने एक निबंध आला. माळेच्या दोन मण्यांमधला दुवा सपाट फळीसारखा असतो, असे लायनस पॉलिंग यांच्या काळापासून सगळे धरून चालले होते. या तिघांनी गणित करून दाखवले की ती फळी थोडी पिळवटू शकते. किती? अगदी थोडी. पण शंभर फळ्यांच्या जिन्यात प्रत्येक फळी जरा कलली तर वरचा मजला कुठे जाईल याचा विचार ज्याने बांधकाम केले आहे त्याला करून पाहता येईल.

त्या दिवसांत हे सगळे किती अंधारातले काम होते याचीही कल्पना हवी. प्रथिनांच्या माहीत झालेल्या रचना एकत्र ठेवणारी आंतरराष्ट्रीय पेढी १९७१ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. सातांवरून बाकीच्या लाखोंचे नियम शोधायचे होते.

पुढे कोळस्कर पुणे विद्यापीठात आले. १९८७ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जी माहिती केंद्रे उघडली त्यांपैकी एक पुण्यात, गणेशखिंडीच्या आवारात सुरू झाले. कोळस्करांनी ते वाढवले. जीवशास्त्र, रसायन आणि संगणक एकत्र शिकवणारा डिप्लोमाही तिथे निघाला, देशातल्या पहिल्यांपैकी एक. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला हे वाचून बरे वाटले, हे लपवत नाही. डिप्लोमा म्हटले की आपल्याकडे लोक जरा आवाज उतरवून बोलतात. गोव्यात त्या वेळी काय होते? गोवा विद्यापीठ १९८५ चे, म्हणजे जेमतेम दोन वर्षांचे. त्याआधी आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, आणि पदवीनंतर पुढे शिकायचे असेल तर बहुतेकांना घाट चढावाच लागे.

कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांचा तो निबंध १९९० चा, युरोपातल्या एका मान्यवर जीवरसायन नियतकालिकात आलेला. अवघी तीन पाने. प्रश्न असा की जंतूच्या प्रथिनातला नेमका कोणता तुकडा आपले शरीर ओळखते आणि त्याविरुद्ध हत्यार, म्हणजे प्रतिपिंड, तयार करते? तो तुकडा सापडला तर लस किंवा तपासणीचे साहित्य बनवताना सगळा जंतू हाताळावा लागत नाही. या दोघांनी प्रयोगांतून सिद्ध झालेले असे तुकडे गोळा केले, ३४ प्रथिनांतले १६९. कोणता मणी त्यांत किती वेळा येतो ते मोजले. सिस्टीन, ल्यूसीन आणि व्हॅलीन हे मणी खरे तर पाण्यापासून तोंड लपवणारे. पण प्रथिनाच्या पृष्ठभागावर ते आले तर ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यात असण्याची शक्यता जास्त, असे त्यांना दिसले. त्यावरून प्रत्येक मण्याला एक आकडा दिला. नवी माळ आली की आकडे मांडा, सरासरी काढा, जिथे आकडा चढेल तिथे पाहा. अंदाज सुमारे ७५ टक्के बरोबर येतो असे त्यांनी लिहिले.

पद्धत इतकी सोपी की साध्या गणकयंत्रावरही चालावी. म्हणूनच ती जगभर गेली. जंतूंवर काम करणाऱ्या कितीतरी प्रयोगशाळांनी पहिला अंदाज म्हणून ती वापरली, आणि आमच्या मुलीच्या पडद्यावर ती दिसली तीही याच कारणाने.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण स्मरणिकेत नुसते गौरवाचे लेख वाचून आम्हालाच कंटाळा येतो. २००५ साली ब्रिटनमधल्या ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अशा शेकडो आकडेपट्ट्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष कडू होता. मण्यांना एकेक आकडा देऊन काढलेले अंदाज नाणे उडवण्यापेक्षा फारसे बरे ठरत नाहीत. म्हणजे ७५ टक्क्यांचा दावा टिकला नाही म्हणायचे का? आमच्या मते प्रश्न थोडा वेगळा आहे. १९९० साली हातात जेवढे तुकडे होते त्यांवरून ती पट्टी बनली होती. शिवाय मूळ अडचण पट्टीत नव्हतीच. शरीर जो भाग ओळखते तो बहुतेकदा माळेतला सलग तुकडा नसतो. माळ गुंडाळली की पाचवा मणी आणि दोनशेवा मणी शेजारी येतात, आणि ते शेजार शरीराच्या नजरेत भरते. माटोळीत वेगवेगळ्या दोऱ्यांना बांधलेली सुपारी आणि कवंडळ खालून पाहणाऱ्याला एकत्र दिसतात तसे. दोरी सोडवून सरळ केली तर ते शेजार दिसणारच नाही.

ही अडचण टीकाकारांच्या आधी कोळस्करांनाच दिसली असावी, कारण ते तिथे थांबले नाहीत. १९९९ साली डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांच्याबरोबर त्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचे काम प्रसिद्ध केले. आमच्या दृष्टीने त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोलाचे.

जपानी मेंदूज्वर हा गोव्याला परका नाही. १९८२ साली इथे साथ आली होती आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ती गोव्यातली पहिली. भातशेतीतल्या पाण्यात वाढणारे डास तो पसरवतात. या विषाणूच्या अंगावर एका प्रथिनाचे आवरण असते, सुमारे ५०० मण्यांचे, त्यातले ४०० च्या आसपास बाहेर. ते आवरण कसे दिसते हे १९९९ साली कोणालाच माहीत नव्हते. त्याचा स्फटिक कोणी केलेला नव्हता. मग कोळस्कर आणि कुलकर्णी-काळे यांनी काय केले?

आमच्या डिचोलीत गणपतीच्या चित्रशाळेत कधी बसलात तर लगेच समजेल. नवी मूर्ती घडवताना चितारी कोऱ्या मातीपासून विचार करत नाही. समोर जुनी मूर्ती असते. बैठक तीच, सोंडेचे वळण तेच, मग हात वेगळा, मुकुट वेगळा. त्या वेळी याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूच्या आवरणाची रचना प्रत्यक्ष पाहिली गेली होती. १९९५ साली फेलिक्स रे आणि स्टीफन हॅरिसन यांच्या गटाने ती प्रसिद्ध केली होती. तो विषाणू म्हणजे युरोपातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराचा, ज्याची भाऊबंदकी लक्षात ठेवा असे आम्ही वर म्हटले तोच. त्याच्या माळेशेजारी जपानी मेंदूज्वराची माळ मांडायची, कोणता मणी कोणाशी जुळतो ते ठरवायचे, जुळणारे भाग त्याच वळणाने बसवायचे, न जुळणारी वेटोळी वेगळी रचायची, आणि मग अणू कुठे एकमेकांवर आपटतात ते पुन्हा पुन्हा तपासून सोडवत जायचे. तपासायला अर्थातच रामचंद्रन यांचा नकाशा. बंगळूरला शिकलेले कोन पंचवीस वर्षांनी असे कामाला आले.

त्या मूर्तीवरून त्यांनी शरीराच्या नजरेत भरणाऱ्या जागा काढल्या, सलग नव्हे तर घडीमुळे शेजारी आलेल्या. पुढे २००५ साली श्रीराम भोसले यांच्यासह त्यांनी हीच रीत सर्वांसाठी खुली केली, कोणीही आपल्या प्रथिनाची घडी द्यावी आणि अशा जागा मिळवाव्यात. अशा प्रकारच्या सुरुवातीच्या साधनांपैकी ते एक. जपानी मेंदूज्वराच्या आवरणाचे स्फटिकावरून काढलेले चित्र अमेरिकेतल्या सेंट लुइसहून आले ते २०१२ साली, म्हणजे पुण्यातल्या मूर्तीनंतर तेरा वर्षांनी. तीन भागांची ठेवण तीच होती.

आता आमच्या बागेकडे. युरोपातला जो गोचिडीचा विषाणू कोळस्करांनी साचा म्हणून घेतला, तो जपानी मेंदूज्वरापेक्षा माकडतापाला अधिक जवळचा आहे. दोघेही गोचिडीचेच. म्हणजे पुण्यात ज्या रीतीने डासाच्या विषाणूचे आवरण घडवले, त्याच रीतीने आमच्या रानातल्या विषाणूचे आवरण आणखी भरवशाने घडवता येते. आणि ते झालेही. २०२१ साली मणिपालच्या संशोधकांनी माकडतापाच्या आवरणातल्या प्रथिनावरून संगणकावर लसीचा एक आराखडा प्रसिद्ध केला. मुलीने तो उघडून दाखवला तेव्हा आम्ही आकृत्याच पाहत राहिलो. रंगीत फितींचे ते वेटोळे मेव्हण्यांच्या रक्तात फिरले होते.

आराखडा आणि लस यांत अंतर असते, हे सरकारी नोकरीत राहून आम्हाला कोणी शिकवायला नको. नकाशे मंजूर होतात, पूल होत नाहीत. माकडतापाची जुनी लस कर्नाटकात बनत असे. सत्तरीत साथ आली तेव्हा तीच आणून टोचली गेली. एका मात्रेने भागत नसे, महिन्याने दुसरी, मग पुढेही. तिचा गुण कमी होत गेला आणि शेवटी ती बनवणे बंद झाले. नव्या लसीचे काम चालू आहे. तोपर्यंत तेल, मोजे आणि बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ.

यंत्राने घडी ओळखण्याचे शास्त्र मात्र आता कुठल्या कुठे गेले आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. बेकर यांनी संगणकावर नवी प्रथिने रचली, दुसऱ्या दोघांच्या साधनाने मण्यांचा क्रम दिला की घडी थोड्या वेळात समोर येते. मुलगी म्हणाली, "बाबा, आता ते जुने कोण वापरतं?" तिचे बरोबर आहे. पण ते नवे यंत्र शिकले कशावरून? त्या पेढीत साठलेल्या हजारो रचनांवरून, आणि त्यांतली प्रत्येक रचना मद्रासच्या त्या दोन कोनांच्या कसोटीतून गेलेली आहे. ७ रचनांच्या काळात गणित करत बसलेली माणसे नसती तर साठवायचे काय हेच कोणाला कळले नसते.

कोळस्कर कुलगुरू झाले याचे पुणेकरांना कौतुक असेल. आम्हाला मात्र राहून राहून वाटते की ती पाच वर्षे ते प्रयोगशाळेतच असते तर? हा बाहेरच्या माणसाचा विचार आहे, विद्यापीठे चालवायलाही कोणीतरी लागतेच. तरी त्यांनी लावलेल्या रोपाची सावली पुण्यातच राहिली नाही. तिथून शिकून गेलेली मुले आज देशात आणि परदेशात याच कामात आहेत.

मेव्हण्यांना आम्ही हे सगळे सांगायचा प्रयत्न केला. गणेशखिंड, कोन, युरोपातली गोचीड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "भावोजी, ते सगळे खरे. पण लस कधी येणार ते विचारा तुमच्या पुण्याच्या लोकांना." यंदाही ते फेब्रुवारीत बागेत जाणार आहेत. तेलाची बाटली आम्ही आत्ताच त्यांच्याकडे देऊन ठेवली आहे.